मदत हवी आहे: ऐन काढणीच्या तोंडावर गांजाच्या तुऱ्यांत बुरशी (ऑन्टॅरिओ, कॅनडा)

करडी_लव

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, म्हणजे धागा भलतीकडे जायला नको. मी सेंट कॅथरिन्सला, म्हणजे नायगाऱ्याच्या द्राक्षपट्ट्यात राहतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि ऑन्टॅरिओत घरामागे चार झाडं लावता येतात. माणशी चार नव्हे, घराला चार. बी परवाना असलेल्या दुकानातून आणलंय, पावती जपून ठेवलीय. भारतातल्या मित्रांनी हे वाचून हुरळून जाऊ नये, तिकडे एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आहे आणि तो गमतीचा नाही.

आता रडगाणं. जूनच्या सुरुवातीला रोपं बाहेर लावली. दोन जमिनीत, दोन कापडी कुंड्यांत. उन्हाळा झकास गेला. ऑगस्टमध्ये रात्र मोठी होऊ लागली तशी फुलं धरली आणि सप्टेंबर संपता संपता एकेक तुरा माझ्या मनगटाएवढा झालाय. (बडला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नाही, मी तुराच म्हणतो.) ऑफिसातून आलो की चहाचा कप घेऊन आधी मागच्या दारी.

गेल्या आठवड्यात चार दिवस रिपरिप चालू होती. परवा ऊन पडलं म्हणून बघायला गेलो, तर सगळ्यात मोठ्या तुऱ्यात एकच बारीक पान वाळलेलं. बाकी सगळं हिरवंगार. पान ओढलं तर अलगद हातात आलं. आत बोट घालून उकललं तर तपकिरी, ओलसर, भुसभुशीत, आणि राखेसारखी पूड उडाली. दांड्यापर्यंत कुजलेलं आणि बाहेरून पत्ता नाही! शिवाय खालच्या काही पानांवर पिठासारखे पांढरे डाग आहेत, ते वेगळंच.

निफाडच्या मामांना फोन केला. तीस वर्षं द्राक्षबाग आहे त्यांची. 'झेंडूवर बुरशी आलीय' असं सांगितलं (काय करणार, खरं कुठल्या तोंडाने सांगू). त्यांनी दोन मिनिटांत मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक मारायला सांगितलं, लिटरला प्रमाणही दिलं.

शनिवारपासून पुन्हा तीन दिवस पाऊस सांगितलाय, रात्री ७-८ अंश. भिंगातून पाहिलं तर राळेचे दाणे बरेचसे दुधाळ झालेत, काही अजून काचेसारखे आहेत (सगळे दुधाळ झाले की माल तयार). म्हणजे आठवडा-दहा दिवस थांबलो असतो तर बरं झालं असतं. औषध मारू की कापू? आणि त्या मोठ्या तुऱ्याचा अर्धा भाग चांगला दिसतोय, तो ठेवला तर चालेल का? टाकताना जीव जातो हो.

बोदावरचा

राव, तुमच्याकडे एक नाही, दोन बुरश्या आहेत.

पिठासारखी पांढरी आहे ती भुरी. तिला पानावर पाणी लागत नाही, दाटी आणि दमट हवा मिळाली की पुरे. आतून सडवतेय ती वेगळी, राखाडी, तिचं नाव बोट्रायटिस. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा डबा फ्रिजमध्ये विसरलात तर जी करडी लव येते ना, तीच ही. म्हणजे रात्री गार पडतंय म्हणून ती थांबेल या भरवशावर राहू नका. थंडीत मंदावते एवढंच. पंधरा-वीस अंश आणि तासन्‌तास ओलावा मिळाला की सुटतेच.

आमच्याकडे पिंपळगावला डाऊनी (ही आणखी एक बुरशी) आणि भुरीनेच जीव नकोसा केलाय, बोट्रायटिसचं दुखणं तुमच्या नायगाऱ्याच्या वाइनवाल्यांना जास्त ठाऊक. घट्ट घडात मणी मण्याला चिकटलेला असतो, आत पाणी शिरलं की वाळत नाही. तुमच्या मनगटाएवढ्या तुऱ्याचं तेच झालंय. तुम्ही ज्याचं कौतुक करत होतात तोच रोगाचं घर झाला.

एक विचारतो. मधली फेलफूट (नको असलेले फुटवे) काढली होती का? पानं विरळ केली होती?

करडी_लव

नाही. चार महिने वाढवलेलं झाड, कापायला हातच धजावला नाही.

बोदावरचा

मग झालं की. आम्ही छाटणीनंतर फेलफूट काढतो, विरळणी करतो, घडाजवळची पानं खुडतो, ती हौस म्हणून नव्हे. पाऊस येणारच, तो आपल्या हातात नाही. पाऊस गेल्यावर वेल किती वेळात सुकते ते मात्र आपल्या हातात असतं. अवकाळी झाला की आमच्याकडे लोक पहाटे तारा हलवून पाणी झटकतात, ट्रॅक्टरचा ब्लोअर नुसत्या हवेवर फिरवतात. तुमच्याकडे गवतावरची पानं उडवायचं यंत्र असेलच. सकाळी दव पडलेलं असताना लांबून हलकेच फिरवा. पण सडलेला तुरा झाडावर असताना नको, नाहीतर स्वतःच्या हाताने बी पेराल.

कुंडीवाली_ओटावा

करडी_लव, मामांचं औषध मारू नका!! बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

मायक्लोब्युटॅनिल द्राक्षावर चालतं कारण द्राक्ष कुणी पेटवत नाही. ते जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. मामांची चूक नाही, त्यांना तुम्ही झेंडू सांगितलात. गंधकही आता नको, तुऱ्यावर बसलेलं जात नाही. भुरीसाठी पोटॅशियम बायकार्बोनेट फुलं येण्याआधी पानांवर चाललं असतं, आता ती पानं खुडून टाका, बस. आणि तुऱ्याच्या आत शिरलेल्या बोट्रायटिसला कुठलीच फवारणी पोचत नाही.

माझ्याकडे तिसरं वर्ष आहे. पहिल्या वर्षी मी तुमच्यासारखीच 'अजून चार दिवस' म्हणत थांबले आणि दोन झाडं कंपोस्टमध्येसुद्धा टाकता आली नाहीत. आता असं करते:

दुपारी, सगळं कोरडं असताना जा. सडलेल्या तुऱ्यावर आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मग खाली चांगल्या भागात चार-पाच सेंटिमीटर जाऊन कापा. पूड पिशवीतच राहते. प्रत्येक काप झाला की कात्री स्पिरिटने पुसा. पिशवी बांधून कचऱ्यात. मग उरलेला प्रत्येक जाड तुरा उकलून बघा. मेलेलं एकटं पान दिसलं की तिथे आत काहीतरी आहेच. काळे बारीक दाणे दिसले तर ती अळीची विष्ठा. अळी आत भोक पाडते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. अळीसाठी बीटी हे जैविक कीटकनाशक असतं, पण ते जुलै-ऑगस्टचं काम होतं.

शनिवारच्या आत शेंड्यावरचे सगळे जाड तुरे कापा. दाणे दुधाळ झालेत म्हणजे फार काही गमावत नाही. खालचे बारीक, विरळ तुरे राहू द्या, ते पावसात टिकतात. एकदम सगळं झाड कापायलाच हवं असं कुणी सांगितलंय? वरून प्लॅस्टिकचं छप्पर करा, बाजू मात्र मोकळ्या. चारी बाजूंनी गुंडाळलंत तर रात्रभर आत घाम धरेल, त्यापेक्षा पाऊस बरा. कुंडीतली दोन गराजमध्ये घ्या, पंखा लावा. कुंडीचा हाच तर फायदा.

फुकटचा_सल्ला

नायगाऱ्याच्या द्राक्षमळ्यांत ते उंच पंखे असतात ना पवनचक्कीसारखे, त्यातला एक मागून आणा 😄

कुंडीवाली_ओटावा

ते थंडी आणि दहिवरासाठी असतात, वरची ऊबदार हवा खाली ओढायला. पण तुमच्या सल्ल्याची किंमत नावातच आहे.

औषधवाला

'अर्धा भाग चांगला दिसतोय' या प्रश्नाचं उत्तर कुणी नीट दिलं नाही म्हणून लिहितो. टाका. बुरशी दिसते त्याच्या पुढे पसरलेली असते. असला माल पेटवून धूर ओढल्याने बुरशीचे कण थेट फुप्फुसात जातात. दमा असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर हे साधं प्रकरण नाही. सडक्या मालावर दुसऱ्या बुरश्याही येतात, त्यातली अ‍ॅस्परजिलस अशा माणसांच्या फुप्फुसात ठाण मांडते. पेरॉक्साइडच्या पाण्यात धुतलं की झालं, असं लोक सांगतात. धुण्याने धूळ-किडे जातात, सडलेलं चांगलं होत नाही. तेल किंवा लोणी काढायलाही वापरू नका. कापताना मास्क लावा.

करडी_लव

सगळ्यांचे आभार. शुक्रवारी अर्धी रजा टाकून कापणी केली. आणखी तीन तुरे सडलेले निघाले, दोघांत अळीची विष्ठा होती. ओला माल पाव किलोच्या वर फेकला. मोजायला नको होतं, पण मोजला. खालचे तुरे छपराखाली आहेत आणि तीन दिवसांच्या पावसानंतर अजून तरी ठणठणीत.

मोठे तुरे तळघरात वाळवतोय, १७ अंश, आर्द्रता ५५ ते ६० च्या मध्ये, ओलावा खेचणारं यंत्र चालू. कुंडीवालीताईंनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे अख्खी फांदी न टांगता तुरे फोडून बारीक केले. दिसायला मार खाल्ला, पण आत काय चाललंय ते कळतं. पंख्याचा झोत भिंतीकडे आहे.

पुढच्या वर्षी ऑटोफ्लॉवर लावणार. ते रात्रीच्या लांबीची वाट बघत नाही, ७५ ते ९० दिवसांत उरकतं. जूनला लावलं की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यावर मोकळा.

आणि हो, मामांना खरं सांगून टाकलं. काही क्षण फोनवर शांतता. मग म्हणाले, "गाढवा, आधी सांगायचं ना! झेंडूची विरळणी कोण करतं? याची केली असती." वर आणखी, वहिनीला सांगू नको म्हणाले.

एक शेवटचा प्रश्न. पहिला हप्ता वाळलाय असं वाटून काल बरणीत भरला. आज सकाळी आतला आर्द्रतामापक ६९ दाखवतोय. काडी वाकते, मोडत नाही.

कुंडीवाली_ओटावा

काडी मोडत नाही म्हणजे वाळलेला नाही. आत्ता लगेच बाहेर काढा, वर्तमानपत्रावर पसरा, एक दिवस तसाच. पुन्हा भरल्यावर ६२ च्या खाली आला तरच झाकण लावा, आणि पहिले आठ दिवस रोज उघडून वास घ्या. ओल्या गवतासारखा किंवा अमोनियासारखा आला तर परत बाहेर. कामाला जाण्याआधी करा, संध्याकाळची वाट बघू नका.