हॅरोचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास: कुठून सुरुवात करावी, काय पाहावं?

रेनर्सलेनकर
नमस्कार मंडळी. लंडनच्या वायव्येला हॅरोमध्ये, रेनर्स लेन स्टेशनजवळ आम्ही १९३० च्या दशकातलं एक सेमी-डिटॅच्ड घर घेतलंय. या उन्हाळ्यात आईबाबा सांगलीहून येताहेत. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. टॉवर, ब्रिटिश म्युझियम हे सगळं होईलच, पण त्यांची चौकशी वेगळीच असते. फोनवर आत्ताच विचारून झालंय: तुम्ही राहता ती वस्ती कधी झाली, त्याआधी तिथे काय होतं, लोक पोटापाण्यासाठी काय करायचे?

हॅरो स्कूल आणि तिथे शिकलेले नेहरू एवढं त्यांना ठाऊक आहे. मला त्याच्या पलीकडचं हवंय, शक्यतो गेल्या शे-सव्वाशे वर्षांतलं, आणि जागेवर जाऊन दाखवता येईल असं. आपल्या घराचा इतिहास काढता येतो का, हेही सांगा. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा फार चढ नको.

मेट्रोकाका
बाबांना पहिल्या दिवशी तुमच्याच फाटकापाशी उभं करा. समोरची बे विंडो, वरचा काळ्या पट्ट्यांचा, सोळाव्या शतकातल्या घरांची नक्कल करणारा खोटा ट्यूडर त्रिकोण, खडबडीत गिलावा आणि शेजारच्या घराशी सामाईक भिंत. हॅरोचा आधुनिक इतिहास तिथूनच सुरू होतो आणि तो रेल्वेने घडवलाय.

मेट्रोपॉलिटन ही लंडनची खासगी रेल्वे कंपनी. तिची गाडी हॅरोला १८८० साली आली, शेजारच्या पिनरला १८८५ साली. अक्सब्रिजचा फाटा १९०४ साली सुरू झाला. तुमच्या रेनर्स लेनला १९०६ मध्ये शेतांच्या मधोमध एक साधा थांबा झाला. तिथला वारा इतका बोचरा की लोक त्याला 'न्यूमोनिया जंक्शन' म्हणत. १९३० साली या स्टेशनावर वर्षभरात सुमारे २२ हजार उतारू होते, १९३७ पर्यंत ते ४० लाखांवर गेले. सात वर्षांत! हा आकडा बाबांना सांगाच, बाकीचं ते स्वतःच विचारतील.

असं का झालं? इतर रेल्वे कंपन्यांना रुळांसाठी घेतलेली जादा जमीन विकून टाकावी लागे. मेट्रोपॉलिटनने मात्र ती स्वतःकडे ठेवण्याची मुभा संसदेकडून मिळवली होती. १९१९ मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनी निघाली. घर विकून एकदा पैसे मिळायचे, आणि त्या घरातला माणूस रोज शहरात कामाला जाणार म्हणून तिकिटाचे पैसे जन्मभर. 'मेट्रोलँड' हे नाव १९१५ साली कंपनीनेच काढलं, आणि त्याच नावाची जाहिरातपुस्तिका १९३२ पर्यंत दरवर्षी निघायची. त्यातली चित्रं बघा: हिरवी कुरणं, फुलांच्या वाटा, आणि तिथून थेट लंडनची गाडी. ज्या कुरणांची भूल घालून घरं विकली, ती कुरणं त्या घरांनीच संपवली. महायुद्धाने बांधकाम थांबलं आणि लंडनभोवतीच्या हरितपट्ट्याने पुढची वाढ अडवली, म्हणून स्टॅनमोरपलीकडे आज शेतं दिसतात.

स्टेशनच्या उत्तरेला रीड या बिल्डरचं हॅरो गार्डन व्हिलेज आहे, दक्षिणेला नॅशची घरं. दोन्ही बाजूंनी एकेक फेरी मारा. उत्तरेची घरं ऐसपैस, दक्षिणेची आटोपशीर आणि स्वस्तातली. कारकून कुठे राहिला आणि त्याचा साहेब कुठे, हे रस्त्यावरूनच कळतं. सगळा भाग सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही.

गोदातीर
काकांना अनुमोदन. त्याच फेरीत अलेक्झांड्रा अव्हेन्यूवरची झोरोस्ट्रियन सेंटरची इमारत चुकवू नका. मुळात ते १९३६ चं ग्रोव्हनर सिनेमागृह, ब्रोमिज या वास्तुविशारदाचं. दर्शनी भागाच्या मध्यावर काँक्रीटची हत्तीच्या सोंडेसारखी वळणदार रचना आहे. संरक्षित यादीत वरच्या दर्जाची नोंद असल्याने इमारत पाडली गेली नाही. सिनेमा बंद पडल्यावर काही वर्षं तिथे बार होता, आता इंग्लंडमधल्या पारशी समाजाचं केंद्र आहे. ते चालवणारी संस्था १८६१ सालची, आणि सुरुवातीच्या धुरिणांत आपले दादाभाई नौरोजी. सांगलीच्या इतिहासशिक्षकाला तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर दादाभाई भेटतील!

त्याच ब्रोमिजचं, त्याच वर्षी सुरू झालेलं डोमिनियन सिनेमागृह हॅरोच्या स्टेशन रोडवर होतं. साठच्या दशकात त्याचा चेहरा पत्र्याने झाकून टाकला. पुढे तिथे सफारी नावाने हिंदी सिनेमे लागायचे. माझ्या सासूबाईंच्या पिढीची शनिवार संध्याकाळ तिथेच जायची.

वील्डस्टोनवाली
सगळे मेट्रोलँडबद्दलच बोलताय, म्हणून आमच्या बाजूचं लिहिते. रेल्वे हॅरोच्या वील्डस्टोन भागात १८३७ सालीच आली होती, लंडन-बर्मिंगहॅम मार्गावर. म्हणून कारखाने इकडे आले. कोडॅक या फोटोफिल्म कंपनीचा कारखाना १८९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१६ पर्यंत चालला. व्हाइटफ्रायर्स हा शेकडो वर्षांचा काचकारखाना १९२३ मध्ये मध्य लंडनमधून इथे हलला आणि १९८० मध्ये बंद झाला. हॅरो म्हणजे नुसती झोपायला घरी येणाऱ्यांची वस्ती, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. इथे हजारो माणसं सकाळी भोंग्यावर कामाला जायची. कोडॅकच्या जागेवर आता ईस्टमन व्हिलेज नावाची नवी वसाहत उभी राहतेय. निदान नावात तरी कोडॅकच्या ईस्टमन या मालकाची आठवण आहे, कामगारांची नाही.

आणि हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनात थोडा वेळ थांबा. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी सकाळी कामाच्या गर्दीने भरलेली लोकल फलाटाला उभी होती. पर्थहून रात्रभर धावत आलेली एक्सप्रेस सिग्नल ओलांडून मागून तिच्यावर आदळली. काही क्षणांत लंडनकडून लिव्हरपूलला निघालेली गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. ११२ माणसं गेली. शांततेच्या काळातला ब्रिटनमधला हा सर्वांत मोठा रेल्वे अपघात. जवळच्या अमेरिकी हवाईतळावरचं वैद्यकीय पथक धावून आलं. त्यात ॲबी स्वीटवाइन ही कृष्णवर्णीय परिचारिका होती. कुणाला आधी हलवायचं, कुणावर फलाटावरच उपचार करायचे हे तिने जखमींच्या अंगावर खुणा करून ठरवलं. इथल्या रुग्णवाहिका सेवेने त्यापासून धडा घेतला, आणि चालकाला सिग्नलची आपोआप सूचना देणारी यंत्रणा देशभर बसवण्याला वेग आला. स्टेशनवर स्मृतिफलक आहे. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या फार कमी जणांना हे माहीत असतं, याचं मला वाईट वाटतं.

कागदपत्रे_हरवली
घराच्या इतिहासाचं मी सांगतो. तुमचं घर १९३० च्या दशकातलं, म्हणजे १९२१ च्या जनगणनेत ते नसणार. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मग राहतं १९३९ चं रजिस्टर. २९ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध पेटल्यावर चारच आठवड्यांत, ओळखपत्रं आणि रेशनसाठी घरोघरी नोंद केली होती. पत्त्यावरून शोधा: नाव, जन्मतारीख, व्यवसाय मिळतो. काही ओळी काळ्या केलेल्या दिसतील, त्या व्यक्ती हयात असू शकतात म्हणून. घरबसल्या बघायला वर्गणी लागते, क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये जाऊन फुकट पाहता येतं.

जुन्या नकाशांसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचं संकेतस्थळ उत्तम आहे. तुमच्या गल्लीचा जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवता येतं. बाबांना हा खेळ तासन्तास पुरेल. घर घेताना वकिलाने दिलेल्या कागदांत जुनी अटींची यादीही असू शकते. कोंबड्या पाळायच्या नाहीत, दुकान काढायचं नाही वगैरे. ती फाइल नीट चाळा.

रेनर्सलेनकर
मनापासून आभार सगळ्यांचे. ती फाइल काल रात्रीच काढली. आणखी एक विचारतो. आई टेलिफोन खात्यात होती आणि युनियनचं काम करायची. तिला इमारतींपेक्षा माणसांत रस. आपले लोक इथे कसे आले, हे तिला कुठे दाखवू?

गोदातीर
मग डॉलिस हिल. आपण महाराष्ट्र मंडळात गणपतीला जातो ना, तिथल्याच स्टेशनाजवळ चॅप्टर रोडवर ग्रनविक ही टपालाने फोटो धुऊन देणारी कंपनी होती. हा भाग हॅरोशेजारच्या ब्रेंटमधला, पण गोष्ट एकाच पट्ट्याची. १९७६ च्या ऑगस्टमध्ये जयाबेन देसाई तिथून काम सोडून बाहेर पडल्या आणि संप सुरू झाला. संपकरी बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. त्यांच्या पाठिंब्याला देशभरातून हजारो कामगार आले, खाणकामगारसुद्धा. टपाल कर्मचाऱ्यांनी कंपनीची पाकिटं अडवली. जवळजवळ दोन वर्षांनी संप हरला, तरी साडी नेसून फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या बायकांनी इथल्या युनियनांची नजर बदलली. आता त्या भागात भिंतींवर त्यांची चित्रं आहेत. युनियनचं काम केलेल्या बाईला हे दाखवायलाच हवं.

युगांडातून १९७२ मध्ये हाकललेले जवळपास २८ हजार आशियाई वंशाचे लोक ब्रिटनमध्ये आले. त्यातले बरेच जण पुढे याच मेट्रोपॉलिटनच्या वाटेने सरकत वेंब्ली, केंटन, हॅरोपर्यंत पोचले. २०२१ च्या जनगणनेत हॅरोत हिंदूंचं प्रमाण २५.८ टक्के, इंग्लंडमधलं सर्वाधिक. १९३० ची बे विंडोवाली घरं नव्या कुटुंबांनी भरली ती अशी.

मेट्रोकाका
हेडस्टोन मॅनर राहिलंच. खंदकाच्या पाण्यातलं १३१० चं घर, शेजारी १५०६ चं लाकडी कोठार आणि हॅरोचं संग्रहालय. प्रवेश मोफत, जागा सपाट. वील्डस्टोनवालींच्या कारखान्यांतल्या वस्तूही तिथे आहेत. बाबा युद्धाबद्दल विचारतीलच, तर स्टॅनमोरचं बेंटली प्रायरी. १९४० ची ब्रिटन आणि जर्मनीतली हवाई लढाई ब्रिटनच्या बाजूने तिथून चालवली गेली. रोज उघडं नसतं, आधी वेळ पाहून जा. हॅरोची टेकडी, तिच्यावरचं चर्च आणि हॅरो स्कूल शेवटच्या आठवड्यात, तेही टॅक्सीने वरपर्यंत.

आणि विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर मे महिन्याच्या शेवटचं काढा. मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या वसंतातल्या बँक हॉलिडे या सार्वजनिक सुट्टीनंतरच्या बुधवारी पिनरच्या मुख्य रस्त्यावर जत्रा भरते. तिची सनद १३३६ ची आहे.

रेनर्सलेनकर
२४ मेचं मिळतंय. आज रात्रीच काढतो.