मदत हवी आहे: उंदरांच्या डब्यात ऑक्सिजन ८२ च्या वर चढत नाही

विस्टार_२५०
उंदरांना आधीच ऑक्सिजन देऊन ठेवला तर नंतरच्या पक्षाघातात मेंदू कमी बिघडतो का, ते बघतोय. रोज चार तास, सलग सहा दिवस, ९५ टक्के ऑक्सिजन, मग २४ तासांनी एमसीएओ (धागा घालून मेंदूची धमनी बंद करणं). इराणी गटाचा हा क्रम इथे सगळ्यांना माहीत असेलच. माझा डबा ८२ वर येऊन अडकतो. प्रवाह वाढवला तर उलट ८० होतो. पायलटच्या बॅचमध्ये टीटीसीलाही (मेंदूचा मेलेला भाग ओळखायचा रंग) दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सोमवारी पुढची बॅच लावायची आहे. झाकणातून गळती असेल का? कोणतं सीलंट वापरू? 'गाईडना विचारा' सांगू नका, घाई त्यांनाच आहे.

झिओलाइट
डबा किती लिटरचा? प्रवाह किती? उंदीर किती? आणि ऑक्सिजन येतोय कुठून: जंबो (मोठा सिलिंडर), पाइपलाइन की मशीन? एवढं कळल्याशिवाय सीलंटचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

विस्टार_२५०
६० लिटर, अ‍ॅक्रिलिक. ५ लिटर प्रति मिनिट. सहा उंदीर. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा, कोविडच्या वेळचा एक पडून होता. ऑक्सिजन तो ऑक्सिजन, त्यात काय सांगायचं.

झिओलाइट
इथेच घोडं पेंड खातंय. कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन अडवतो, आर्गॉन अडवत नाही. त्यामुळे नवं कोरं मशीनसुद्धा ९३ च्या आसपास, तीन इकडे तीन तिकडे. डब्यात स्थिर ९५ त्यातून मिळणार नाही. त्यात तुमचं मशीन पडून होतं. आतलं झिओलाइट (नायट्रोजन धरणारी चाळणी) दमट हवा पिऊन बसलं की शुद्धता ८५ च्या खाली येते. आणि ५ लिटरच्या मशीनवर प्रवाहमापकातली गोळी ५ च्या वर चढवली की चाळणीला नायट्रोजन धरायला वेळ पुरत नाही. प्रवाह वाढवल्यावर आकडा घसरला तो त्यामुळे. गळती असती तर प्रवाह वाढवल्यावर आकडा वर गेला असता.

मशीन वीस मिनिटं चालवा आणि नळी थेट मीटरवर धरा. तिथेच ८४-८५ दिसलं तर डब्याला दोष देऊ नका.

भुलवणारी
आणि तो मीटर तरी खरं बोलतोय का? आत गॅल्व्हॅनिक सेल (ऑक्सिजनवर करंट देणारा सेन्सर) असेल तर तो वर्ष-दोन वर्षांत म्हातारा होतो. म्हातारा सेल २१ ला बरोबर दाखवतो, पण वरच्या टोकाला त्याचा करंट पुरत नाही. मग ९५ असताना ८२ दाखवेल. फक्त खोलीच्या हवेवर कॅलिब्रेट केलंत ना? सिलिंडरचा शुद्ध ऑक्सिजन लावून १०० येतं का तेही बघा. येत नसेल तर सेल बदला, पूर्ण मीटर नव्हे. सेलच्या तोंडावर पाणी साचलं तरी आकडा खाली येतो, तेव्हा तोंड खाली करून बसवा.

पाणबुड्या
एवढी यातायात कशाला? हायपरबॅरिक (दाबाखाली ऑक्सिजन) करा. २.५ अ‍ॅटमॉस्फिअर, रोज एक तास, पाच दिवस, काम संपलं. १९९६ साली जपानी गटाने जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या हिप्पोकॅम्पसवर (मेंदूतला स्मरणाचा भाग) हे दाखवलं तेव्हा दाब २ अ‍ॅटमॉस्फिअरच होता. नॉर्मोबॅरिकचा (साध्या दाबावरचा) परिणाम मुळात लहान.

झिओलाइट
प्राण्यांचा दाबाचा चेंबर याच्या कॉलेजात आहे का, ते आधी विचारा. २.५ वर शुद्ध ऑक्सिजन म्हणजे एका ठिणगीत सगळं खाक, शिवाय दाब चढवण्या-उतरवण्याचा वेग सांभाळा. धाग्याचा प्रश्न ८२ चा आहे.

पाणबुड्या
प्रश्न मेंदू वाचवण्याचा आहे. ८२ चा हट्ट तुमचा.

काळजीवाहू
धागा वाचून विचारतेय. वडिलांना मागच्या महिन्यात दहा मिनिटं तोंड वाकडं होऊन बरं झालं, डॉक्टर टीआयए (थोड्या वेळाचा पक्षाघात) म्हणाले. घरी मशीन आहेच. रोज चार तास लावला तर पुढचा झटका सौम्य होईल का?

भुलवणारी
नाही ताई, लावू नका. इथे चाललंय ते उंदरांचं. माणसाला झटका कधी येणार ते ठाऊक नसतं, म्हणून 'आधी' देण्याला अर्थ उरतो तो बायपाससारख्या ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी, आणि तोही अजून संशोधनातच. झटका आल्यानंतरचं म्हणाल, तर ब्रिटनमधल्या ८,००३ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) तीन दिवस नळीने कमी प्रवाहाचा ऑक्सिजन देऊन नव्वद दिवसांनी अपंगत्वात फरक पडला नाही. संपृक्तता ९४ च्या खाली गेली तरच देतात. तुम्ही रक्तदाब, रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि मानेच्या धमनीची डॉप्लर तपासणी यांकडे बघा. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली तर घड्याळ पाहून वेळ लिहा आणि थेट सीटी असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला साडेचार तासच असतात. आपोआप बरं झालं तरी जायचंच.

झिओलाइट
मूळ प्रश्नाकडे. जंबो, म्हणजे डी टाइप, घ्या. त्यात साधारण ७,००० लिटर असतो. हिशेब: ६० भागिले ५ म्हणजे १२ मिनिटांचा एक फेरा. २१ वरून ९५ ला यायला पावणेतीन फेरे, म्हणजे ३३ मिनिटं. चार तास मोजायचे ते ९५ दिसल्यापासून. मधे झाकण उघडलं की पुन्हा तेवढीच वाट. पूर्ण वेळ ५ लिटर सोडलात तर रोजचे १,३०० च्या वर, सहा दिवसांना जंबोही पुरत नाही. पहिली ४० मिनिटं ५, नंतर अडीच ठेवा, रोज ८०० च्या आत बसतं. छोटा बी टाइप (१,५०० लिटर) दुसऱ्याच दिवशी रिकामा होईल.

अडीचवर कार्बन डायऑक्साइडकडे लक्ष ठेवा. २५० ग्रॅमचे सहा उंदीर मिळून मिनिटाला २५ मिलिलिटरच्या आसपास सोडतात. ५ लिटरवर तो अर्धा टक्का, अडीचवर एक टक्का. उंदरांना पोहोचणार नाही अशा जाळीच्या ट्रेमध्ये सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे) ठेवा. रंग कोणता बदलतो ते पाकिटावर वाचा, काहींचा पांढऱ्याचा जांभळा होतो, काहींचा गुलाबीचा पांढरा. ऑक्सिजन हवेपेक्षा किंचित जड, म्हणून आत येणारी नळी तळाशी, बाहेर जाणारी झाकणाजवळ, तिचं टोक खिडकीबाहेर. डब्यात विजेचा पंखा नको.

भुलवणारी
पण ९५ मिळालं तरी फरक दिसेलच असं नाही. शस्त्रक्रियेत आयसोफ्लुरेन (भुलीचं औषध) कशातून देता?

विस्टार_२५०
१०० टक्के ऑक्सिजनमधून. सगळेच देतात.

भुलवणारी
मग फरक दिसणार कसा? धमनी बंद असतानाच दोन्ही गटांना शुद्ध ऑक्सिजन मिळतोय, आणि इस्किमियाच्या (रक्त न पोहोचण्याच्या) वेळी दिलेला ऑक्सिजन स्वतःच इन्फार्क्ट (मेलेला भाग) लहान करतो. वर आयसोफ्लुरेनही मेंदूला थोडं संरक्षण देतं. तुमचा तुलनेचा गट तुलनेचा राहिलाच नाही. ३० टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन असं मिश्रण द्या आणि दोन्ही गटांना भूल सारखीच मिनिटं.

आणखी: तुलनेचा गट पिंजऱ्यातच ठेवलात का? त्यांनाही त्याच डब्यात, तेवढेच तास, तेवढ्याच प्रवाहाने साधी हवा हवी. डब्यात कोंडण्याचा ताणही रक्तातली रसायनं हलवतो. लेझर डॉप्लर (मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारं यंत्र) आहे का? धमनीत धागा घातल्यावर रक्तप्रवाह मूळच्या ३० टक्क्यांखाली आला नाही तर तो प्राणी वगळायचा, आणि हे टीटीसीच्या आधी ठरवायचं. गुदाशयाचं तापमान ३७. दोन अंश खाली गेलं तर थंडीच मेंदू वाचवते आणि श्रेय ऑक्सिजनला जातं.

पाणबुड्या
सलग ७२ तास ठेवा, परिणाम ठसठशीत येईल.

झिओलाइट
९५ च्या वर सलग तीन दिवसांत उंदीर फुप्फुसात पाणी होऊन मरतात. सलग करायचंच तर २४ तास, तोही क्रम त्याच इराणी गटाचा आहे. थोडे फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे रेणू) उठले की पेशी कॅटलेज, एसओडी, एचएसपी ७० ही रक्षक प्रथिनं वाढवतात. शस्त्रक्रियेआधीचा एक दिवस त्यासाठीच सोडतात.

विस्टार_२५०
मशीनवर नळी थेट लावली, ८४. सोमवार रद्द. जंबो उद्या मिळतोय. पायलटचे बारा उंदीर बेरजेत धरू का?

भुलवणारी
नको. पद्धत बदलली, पायलट वेगळा लिहा: '८२ टक्के, भूल शुद्ध ऑक्सिजनमध्ये'. जादा प्राण्यांसाठी प्राणी नीतिसमितीकडे दुरुस्ती पाठवा, ती परवानगी सोमवारपर्यंत येणार नाही.

विस्टार_२५०
बरं. लॅबमध्ये पिन इंडेक्सचा (छोट्या सिलिंडरच्या जोडाचा) रेग्युलेटर आहे, जंबोला चालेल ना?

झिओलाइट
नाही. जंबोला बुलनोजचा (आट्यांच्या जोडाचा) लागतो, पुरवठादाराकडूनच मागून घ्या, सोबत चावीही. आट्यांना तेल, ग्रीस काही लावायचं नाही. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा.