तपासणाऱ्यांच्या मनाचाही विचार हवा
यंत्रे आली की समाजमाध्यमांवरचा आक्षेपार्ह मजकूर तपासण्याचे काम माणसांकडे उरणारच नाही, या मताशी मी सहमत नाही. माझी भाची पुण्यातल्या खराडीत रात्रपाळीला हेच काम करते. हिंसेचा व्हिडिओ समोर आला की ती आधी आवाज बंद करते, चित्र कृष्णधवल करते आणि मगच पुढे पाहते, कारण त्यातल्या किंकाळ्या घरी आल्यावरही पाठ सोडत नाहीत. वरकरणी साध्या मराठी वाक्यात दडलेला जातिवाचक टोमणा ओळखायला माणूसच लागतो. अमेरिकेत अशा कर्मचाऱ्यांनी मानसिक त्रासाबद्दल केलेल्या दाव्यात फेसबुकने २०२० साली ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड मान्य केली खरी, पण ती तिथल्यांपुरतीच होती. इकडे कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या मुलांनी दाद कोणाकडे मागायची, हाच मुळात प्रश्न आहे. २०२३ साली केनियातल्या नैरोबीत हेच काम करणाऱ्या कामगारांनी संघटना उभारण्याचा निर्णय घेतला, ही मला सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. पुण्यात तसे होईपर्यंत निदान समुपदेशनाचा वेळ कामाच्या तासांत धरावा आणि गोपनीयतेचा करार डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्याच्या आड येणार नाही, हे लेखी द्यावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.