मदत हवी आहे: इंग्रजी वाक्यातली चूक दिसतच नाही

चिवडा_९६: 'ही इज सीनियर दॅन मी.' यात चूक काय? उत्तरात म्हणे 'दॅन' चूक, कारण दिलंय फक्त 'इडियम'. काळ बरोबर, क्रियापद बरोबर. दरवेळी 'नो एरर' टिक करतो आणि ०.५० कापले जातात. प्लीज कोणीतरी माझी मदत करा.

जुनंखोड: परीक्षा कुठली ते आधी लिही.

सरळरेघ: इडियम म्हणजे वाक्प्रचार. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं. रोज दहा पाठ कर.

चिवडा_९६: ते येतं हो मला! चूक ओळखा विचारतोय. एसएससी सीजीएल, केंद्र सरकारी नोकऱ्यांची परीक्षा.

जुनंखोड: सीनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर, प्रायर हे लॅटिनमधून आलेले, मुळातच तुलनेचे शब्द. पुढे 'टू'. आपल्या डोक्यात 'माझ्यापेक्षा' असतं, म्हणून 'दॅन' खटकत नाही.

चिवडा_९६: मग 'प्रिफर टी दॅन कॉफी' का चूक? ते कुठे त्यातलं आहे?

माजीक्लासवाला: कारणं शोधत बसू नकोस, यादी कर. 'प्रिफर'ला 'टू'. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. 'डिस्पाइट'ला 'ऑफ' नाही, 'इन स्पाइट'ला आहे. 'हार्डली'ची जोडी 'व्हेन', 'नो सूनर'ची 'दॅन'. 'मॅरीड टू', आपण 'तिच्याशी लग्न' म्हणतो म्हणून पोरं 'विथ' लावतात.

वाचनवेडी: याद्या दोन दिवसांत विसरतो माणूस. इंग्रजी अग्रलेख वाच, कान तयार होतो.

माजीक्लासवाला: कान तयार होईतो वयोमर्यादा उलटते, ताई.

परदेशवारी: एमबीए प्रवेशाच्या जीमॅटने २०२३ च्या फोकस एडिशनमध्ये सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्यातली चूक सुधारायचे प्रश्न, काढूनच टाकले. माझे सहा महिने पाण्यात.

जुनंखोड: त्याचं इथे काय?

गोदाकाठ: इंग्रजी राहू द्या. 'माझी मदत करा' हे कुठलं मराठी? 'मला मदत करा' म्हणावं. हिंदीची लागण, दुसरं काय.

चिवडा_९६: काका, त्यात व्याकरण कुठे चुकलं?

गोदाकाठ: व्याकरणाचं कोण बोलतंय? मराठीत तसं म्हणत नाहीत, बस्स.

चिवडा_९६: थांबा. म्हणजे 'सीनियर दॅन' इंग्रजी बोलणाऱ्यांना असंच खटकतं?

वाचनवेडी: हेच तर सांगत होते मघापासून.

चिवडा_९६: बरं. पण पेपर पंधरा दिवसांवर आहे. मला मदत करा, ती यादी पूर्ण टाका ना कुणीतरी.

सरळरेघ: 'वन्स इन अ ब्लू मून' पण येतं हं. म्हणजे क्वचित.