मदत हवी आहे: हार्ड रॉक / हेवी मेटलचे नवीन अल्बम सुचवा (जरा लवकर)

लेटलतीफ
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. हार्ड रॉक आणि हेवी मेटलमधले नवीन चांगले अल्बम सांगा. अल्बम हवेत, सुटी गाणी नकोत. तीन दिवस शोधतोय, ॲप तीच ती पन्नास गाणी फिरवून फिरवून वाजवतंय आणि 'नवीन मेटल' असं टाकलं की कोणीतरी पाईपमध्ये तोंड घालून खाकरतंय असलं काहीतरी लागतं. मी नवशिका नाही, आयर्न मेडन, जुडास प्रीस्ट, ब्लॅक सबाथ हे बँड आणि गायक डिओ सगळं पाठ आहे, त्यामुळे ती नावं घेऊ नका. सात-आठ नावं द्या, बास. घाई आहे.

ड्रॉप_डी
ब्लड इन्कँटेशनचा 'ॲब्सोल्युट एल्सव्हेअर', २०२४. दोनच गाणी आहेत, प्रत्येकाचे तीन भाग, मिळून पाऊण तासाच्या आत संपतं. डेथ मेटल चालू असताना मधेच सत्तरच्या दशकातलं अंतराळी सिंथ सुरू होतं, टँजरीन ड्रीम या जुन्या सिंथवाल्या बँडमधला माणूस पाहुणा म्हणून वाजवतो त्यात. बाकी सात नावांची गरजच पडणार नाही.

तुटकी_तार
अरे त्यांनी खाकरणं नको म्हटलंय ना? धागा तरी वाचत जा रे.

ड्रॉप_डी
वाचला. चार वेळा ऐकलं की खाकरणं वाटत नाही, आणखी एक वाद्य वाटतं.

कानसेन_नव्हे
लेटलतीफ, थोडी माहिती द्याल का? नवीन म्हणजे कधीपासूनचं? गेल्या वर्षीचं की तुम्ही ऐकायचं थांबवल्यानंतरचं? तुम्हाला त्या जुन्या बँड्समधलं नक्की काय आवडतं, रिफ (गिटारची परत परत येणारी धून), सोलो, की गायकाचा आवाज? अख्खा अल्बम हवाय म्हणताय तर बसून ऐकणार की काम करता करता? नुसतं 'चांगलं सांगा' म्हटलं तर प्रत्येकजण आपापलं घोडं पुढे दामटणार, वर सुरुवात झालीच आहे.

लेटलतीफ
नवीन म्हणजे नवीन हो. बरं, २००८ नंतरचं धरा. मेटलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आणि एसी/डीसीचा 'ब्लॅक आइस' हे मी शेवटचे नीट ऐकलेले, मग लग्न, नोकरी वगैरे. आवाज स्वच्छ हवा, शब्द कळले पाहिजेत. गिटार दोन असतील तर उत्तम.

घासलेली_सीडी
'डेथ मॅग्नेटिक' नीट ऐकला?? तो अल्बम नीट ऐकताच येत नाही! मास्टरिंगमध्ये आवाज इतका चढवलाय की ड्रमचा प्रत्येक ठोका फाटतो. त्याच वेळी गिटार हिरो गेमसाठी त्याच गाण्यांचं मिक्स निघालं ते कितीतरी बरं होतं, लोकांनी गेममधून गाणी काढून ऐकली होती तेव्हा. त्यामुळे माझा पहिला प्रश्न, तुम्ही ऐकता कशावर? फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर कुठलाही अल्बम सुचवून उपयोग नाही. चांगले वायरवाले हेडफोन घ्या आधी.

तुटकी_तार
झालं, आले हेडफोनवाले.

लेटलतीफ
हेडफोन नकोत, गाडीत ऐकायचंय. अल्बम सांगा कृपया.

जुनी_कॅसेट
तुम्ही नका म्हणालात तरी सांगणार. जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड', मार्च २०२४. प्रीस्ट पाठ आहे म्हणता पण २००८ ला थांबलात म्हणजे हा ऐकलेला नाही. गायक हॅलफर्ड ७२ वर्षांचा आहे यात आणि पहिल्याच गाण्यात अशी किंकाळी मारतो की आपला घसा दुखावा. गिटारवाल्या ग्लेन टिपटनला पार्किन्सन्स आहे, टूरवर त्याच्या जागी अँडी स्नीप वाजवतो आणि अल्बमचा निर्माताही तोच, पण रेकॉर्डवर टिपटन आहे. दोन गिटार हव्यात ना? यात रिची फॉकनर आणि टिपटनची जुगलबंदी ऐका आणि मग मला सांगा. हा आवडला तर मागे जाऊन २०१८ चा 'फायरपॉवर'.

मी_फक्त_वाचते
+१. 'इन्व्हिन्सिबल शील्ड' आमच्याकडे स्वयंपाक करताना लागतो, चपात्या पटापट होतात.

कानसेन_नव्हे
प्रीस्ट बरोबरच आहे. पण हे सगळे सत्तरीतले आजोबा सोडून नवीन रक्तही सांगू या. लेटलतीफ, ग्रीन लंग ऐका, 'धिस हीदन लँड', २०२३. ब्रिटिश आहेत, सबाथचे रिफ आणि त्यावर डीप पर्पलसारखा ऑर्गन, विषय सगळे चेटकिणी, जंगल, जुनी लोककथा. शब्द स्वच्छ कळतात, कोरस दुसऱ्या वेळी तुम्हीच म्हणायला लागता. आणि समरलँड्सचा 'ड्रीमकिलर', २०२२, ३५ मिनिटांच्या आसपास, एकही गाणं भरतीचं नाही. त्यातला गिटारवाला आर्थर रिझक निर्माताही आहे, पॉवर ट्रिप या बँडचा 'नाइटमेअर लॉजिक' त्यानेच केलेला. आवाज ऐंशीच्या दशकातला वाटतो पण नक्कल वाटत नाही, हा फरक मला नीट सांगता येत नाही, ऐकल्यावर कळेल.

ड्रॉप_डी
समरलँड्स म्हणजे अंगाईगीत.

तुटकी_तार
हार्ड रॉक पण विचारलंय, कोणाच्या लक्षात आहे का? रायव्हल सन्स. २०२३ मध्ये दोन अल्बम काढले, जूनमध्ये 'डार्कफायटर' आणि ऑक्टोबरमध्ये 'लाइटब्रिंगर'. आधी 'डार्कफायटर'च घ्या. त्यांचा गायक जे ब्युकॅनन, त्याच्यासारखा गळा आज हार्ड रॉकमध्ये दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे, वाद घालायचा तर घाला. आणि द वॉर्निंग, मेक्सिकोच्या तिघी बहिणी, 'कीप मी फेड' २०२४. तिघीच असून आवाज पाच जणांचा येतो.

श्रीयुत_शंकेखोर
मेडनचं नाव घेऊ नका म्हणालेत पण 'सेनजुत्सु' (२०२१) ऐकलाय का?

लेटलतीफ
ऐकला. ८२ मिनिटं. शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांच्या वर, तिन्ही स्टीव्ह हॅरिसची, तिन्हींची सुरुवात हळू. मी दुसऱ्या गाण्यापर्यंत जागा होतो. म्हणून तर म्हटलं नका सांगू.

श्रीयुत_शंकेखोर
शेवटच्या 'हेल ऑन अर्थ'पर्यंत न पोचता मत देणं म्हणजे पंक्तीतून वरणभातावर उठणं. तुम्हाला संयम नाही, अल्बम कशाला हवेत, रील्स बघा.

कानसेन_नव्हे
अहो शंकेखोर, माणूस मदत मागतोय, संयमाची परीक्षा द्यायला आलेला नाही.

डेसिबल_काका
लेटलतीफ, गाडीत मोठ्याने ऐकणार असाल तर एक लक्षात ठेवा. ८५ डेसिबलला ८ तास ही कानांची मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. काचा बंद करून मेटल लावलं की शंभरच्या आसपास पोचायला वेळ लागत नाही. माझ्या उजव्या कानात १५ वर्षं बारीक शिट्टी वाजतेय, तिला आवाज कमी करायचं बटण नाही.

तुटकी_तार
काका, माहिती खरंच कामाची आहे पण प्रश्न अल्बमचा होता.

नवा_गडी
मोठ्या भाच्याला गिटार शिकायचीय, १२ वर्षांचा आहे, आधी अकूस्टिक घ्यावी की थेट इलेक्ट्रिक? वेगळा धागा काढला होता, कोणी उत्तर दिलं नाही.

घासलेली_सीडी
इलेक्ट्रिक. तारा मऊ असतात, बोटं कमी दुखतात. कोण म्हणतं आधी अकूस्टिकच पाहिजे त्याचं ऐकू नका.

श्रीयुत_शंकेखोर
चूक. बोटं दुखलीच पाहिजेत. सबाथच्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात गेली, त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, तारा सैल केल्या आणि त्यातून हा सगळा धंदा उभा राहिला.

घासलेली_सीडी
म्हणजे त्यानेही तारा मऊच केल्या की! तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात.

लेटलतीफ
मंडळी, गिटारचं नंतर. मला शुक्रवारी रात्रीपर्यंत यादी हवी आहे, पेनड्राइव्हवर टाकायची आहे.

कानसेन_नव्हे
शुक्रवारी काय आहे? आणि पेनड्राइव्ह का? काहीतरी लपवताय राव तुम्ही.

लेटलतीफ
लपवत नाहीये, त्याने काय फरक पडतो म्हणून लिहिलं नाही. शनिवारी मी आणि मोठा भाऊ गाडीने निघतोय, पाच-साडेपाच तासांचा रस्ता, मधे नेटवर्क नसतं. दादाने मला मेटल ऐकायला शिकवलं, कॅसेटी त्याच्याच. पण त्याचं म्हणणं असं की ज्या दिवशी मेटलिकाचा ब्लॅक अल्बम आला त्या दिवशी मेटल मेलं, १९९१ नंतर अख्खा ऐकावा असा एकही अल्बम निघाला नाही. गेल्या महिन्यात जेवताना यावरून जुंपली आणि मी म्हणून बसलो की दाखवतो. दाखवायला बसलो तर माझ्याकडे काही नाहीच.

कानसेन_नव्हे
अहो मग हे आधी सांगायचं ना!! सगळं उत्तर बदललं. तुम्हाला काय आवडतं हा प्रश्नच नाही, दादाला काय आवडतं हा आहे. ते काय ऐकतात?

लेटलतीफ
डिओ. डिओ आणि डिओ. रेनबोचा 'रायझिंग', सबाथचा 'हेवन अँड हेल', 'होली डायव्हर'. बाकीच्यांना गाता येत नाही म्हणतो.

जुनी_कॅसेट
दादांना माझा दंडवत सांगा. आणि १९९१ ची रेघ ते स्वतःच पाळत नसणार, डिओ असलेला सबाथचा 'डीह्युमनायझर' १९९२ चा आहे. तो तोंडावर फेका.

लेटलतीफ
हाहा, हे भारी आहे. तो म्हणणार तो मोजायचा नाही.

मी_फक्त_वाचते
पहिल्यांदाच एवढं लिहितेय. दादांना क्रिप्ट सर्मन ऐकवा. 'द स्टिजियन रोझ', जून २०२४, फिलाडेल्फियाचा बँड, सहाच गाणी, एपिक डूम म्हणजे संथ, भारदस्त मेटल. गायक ब्रूक्स विल्सन डिओची नक्कल करत नाही पण गाताना छाती भरून गातो तसा, आणि मधेच आवाजाला जी खरड देतो तिथे अंगावर काटा येतो. रिफ संथ आहेत पण रेंगाळत नाहीत. शेवटचं शीर्षकगीत लांब आहे, ते अंधारात ऐका, दिवसा नको. मी हा अल्बम ज्यांना ज्यांना दिला त्यातल्या निम्म्यांनी पहिल्या गाण्यावर बंद केला, उरलेल्यांनी आजतागायत परत केलेला नाही. माझ्या नवऱ्यासकट.

तुटकी_तार
हे उत्तर धाग्याच्या वर चिकटवा कोणीतरी.

ड्रॉप_डी
क्रिप्ट सर्मन चांगला आहे, मान्य. पण दादांची समजूत मोडायची असेल तर ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' लावा. नोव्हेंबर २०२४. गाण्यांना नावं नाहीत, मृत्युपत्रासारखी कलमं आहेत, फक्त शेवटच्याला नाव आहे. जेथ्रो टलचा इअन अँडरसन बासरी वाजवतो आणि निवेदनही करतो. जुन्या माणसाला जुना माणूस भेटेल.

श्रीयुत_शंकेखोर
त्यात २००८ नंतर पहिल्यांदा त्यांच्या गायकाने, ओकरफेल्टने ग्रोल्स (तेच खाकरणं) परत आणलेत हे सोयीस्करपणे गाळलंस. आणि मेटलिकाच्या माणसासमोर जेथ्रो टलचं नाव काढू नये. १९८९ चं ग्रॅमी, पहिलंवहिलं हार्ड रॉक/मेटलचं, मेटलिकाला सोडून बासरीवाल्यांना दिलं होतं.

जुनी_कॅसेट
ते दुःख अजून ताजं आहे.

तुटकी_तार
दादा मेटलिकाचे नाहीत, डिओचे आहेत. ते खूशच होतील.

कानसेन_नव्हे
क्रम सांगतो, कारण गाडीत क्रमालाच महत्त्व. निघताना 'इन्व्हिन्सिबल शील्ड', ओळखीचा आवाज असला की दादा विरोध करायच्या आत पाच गाणी होतील. मग ग्रीन लंग. चहाला थांबून आल्यावर 'ड्रीमकिलर', छोटा आहे. मग रायव्हल सन्स, जरा मोकळं वाटायला. अंधार पडला की क्रिप्ट सर्मन. मेटलिकाचा '७२ सीझन्स' चुकूनही टाकू नका, ७७ मिनिटं आहे आणि दादांच्या हातात आयतं कोलीत द्याल.

घासलेली_सीडी
पेनड्राइव्हवर फ्लॅक फाइली टाका, त्यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही. एमपी३ टाकलंत तर माझं नाव सांगू नका.

डेसिबल_काका
आणि आवाज बेताचा.

लेटलतीफ (सोमवार)
आलो. उशीर झाला, नावच तसं आहे.
प्रीस्टला दादा खूश, तिसऱ्या गाण्याला म्हणाला हा माझ्याकडे होता, कॅसेटचं कव्हर लाल होतं. मी म्हटलं हा २०२४ चा आहे. गाडी बाजूला घ्यायला लावून त्याने फोनवर तारीख बघितली. मग म्हणाला जुन्या माणसांनी केलंय, हे नवीन कसं, मोजायचं नाही. ग्रीन लंगला 'ऑर्गन बरा वाजवतोय' एवढंच. समरलँड्स चालू असताना तो ऑफिसच्या फोनवर होता, त्यामुळे तो फुकट गेला. रायव्हल सन्सच्या वेळी स्टिअरिंगवर ठेका धरला होता पण विचारल्यावर म्हणाला हात अवघडला होता.
क्रिप्ट सर्मन साडेसातला लावला. पहिल्या गाण्यापासून एक शब्द बोलला नाही. मला वाटलं झोपला, पण गाडी तोच चालवत होता. शेवटचं गाणं संपल्यावर काही न बोलता परत पहिल्यावर नेलं. हरलो वगैरे काही म्हणाला नाही. उतरताना पेनड्राइव्ह काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि मला विचारलं, गायकाचं नाव काय म्हणालास?
मी_फक्त_वाचते ताई, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

मी_फक्त_वाचते
पेनड्राइव्ह विसरा आता.

ड्रॉप_डी
ब्लड इन्कँटेशन लावलं होतं का?

लेटलतीफ
टाकलं होतं यादीच्या शेवटी. चाळीस सेकंद टिकलं. दादा म्हणाला गाडीला काहीतरी झालंय.

नवा_गडी
मग गिटारचं काय ठरलं? इलेक्ट्रिकच घेऊ ना?