पाश्चात्त्य व्हायोलिन ऐकून राहिलो पण सम सापडेना

तर्रीपोहेवाला: पोरगी धरमपेठेत दोन वर्षांपासून व्हायोलिन शिकून राहिली, आपलं हिंदुस्थानी, मांडी घालून. परवा मोबाईलवर एक अल्बम सापडला, रोमँटिक काळातलं (म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं) युरोपातलं व्हायोलिन, मेंडेल्सन, ब्राम्स, फ्रांक वगैरे संगीतकारांचं. लावला तर जरा कुठं सूर ओळखीचा वाटला की पट्टीच बदलते, तबला नाही, सम कुठं धरायची कळेना. पोरगी मात्र आ वासून ऐकते. मला काहून समजत नाही? कुठून सुरुवात करू?

सदरवाला: सम शोधू नको भाऊ, नाहीतर मांडीवर हात मारत बसशील. मेंडेल्सनचा ई मायनर कॉन्चेर्टो लाव, 1845 चा, म्हणजे एक व्हायोलिन आणि सोबत अख्खा वाद्यवृंद. पहिला भाग दणक्यात संपतो, सगळा वाद्यवृंद थांबतो, पण बसून नावाचं एक फुंकवाद्य तेवढा एकच सूर धरून बसते आणि तिथूनच संथ भाग निघतो. आपण मध्ये टाळ्या वाजवायला हात उचलतो ते तसेच राहतात.

कानसेन४४: पहिल्याच दिवशी एवढा ताफा कशाला? फ्रांकचा सोनाटा ऐक, फक्त व्हायोलिन आणि पियानो. 1886 मध्ये त्यानं तो इसाये नावाच्या व्हायोलिनवाल्याला लग्नाचा आहेर म्हणून दिला (आपण स्टीलचा डबा देतो). डायरेक्ट चौथा भाग लाव, पियानो एक ओळ म्हणतो आणि व्हायोलिन तीच ओळ जरा मागून म्हणत येतं, संवादिनीवाला गवयाच्या मागून येतो ना, अगदी तसं, फक्त इथं मागून येणाऱ्याचं सगळं लिहून ठेवलेलं. आणि त्याच वर्षी ब्रसेल्सच्या चित्रसंग्रहालयात वाजवताना अंधार पडला, दिवे लावायला मनाई, तर इसाये आणि पियानोवाली दोघांनी उरलेलं पाठ वाजवलं.

उन्हाळी_माणूस: आधी कूलर बंद करा!! फ्रांकची सुरुवात इतक्या हळू आवाजात आहे की आमच्याकडे मे महिन्यात नुसती घरघर ऐकू येते. ब्राम्स दिवाळीनंतर.

तर्रीपोहेवाला: चौथा भाग तीनदा ऐकला. आता पोरगी मला पेटीवर ती ओळ धरायला लावून मागून वाजवून राहिली, मी दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा चार सूर जमले. कूलर बंद केला म्हणून बायको ओरडून राहिली ते वेगळं.