अनुभव धागा : व्हाइटहॉर्सचा उन्हाळा, अर्थात आगोटीचे दिवस

संयोजकांचे निवेदन

कॅनडाच्या वायव्य टोकाला, अलास्काला लागून असलेला युकॉन हा प्रदेश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दीडपट असला तरी त्यातील बहुसंख्य माणसे व्हाइटहॉर्स या एकाच गावात राहतात. गावाची वस्ती सुमारे तीस हजार आहे. येथील हिवाळ्याविषयी आणि आकाशातील हिरव्या प्रकाशाविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु उन्हाळ्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून येथे राहणाऱ्या, राहून गेलेल्या आणि केवळ उन्हाळ्यात येऊन गेलेल्या मंडळींना आम्ही आपले अनुभव लिहिण्याची विनंती केली होती.

सुरुवात म्हणून माझे दोन शब्द. आमच्या कोकणात मृगाच्या आधी आगोटीची खरेदी होते; तांदूळ, मीठ-मिरची, सुकी मासळी आणि लाकूडफाटा घरात येऊन पडला की मग पाऊस कितीही कोसळो. व्हाइटहॉर्सला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मला ती धांदल ओळखीची वाटली. शेजारचे आजोबा जूनमध्येच ओंडके फोडून रचत होते, आजी रानातून बोरांसारखी फळे वेचून फ्रीझर भरत होत्या आणि तरुण मंडळी शुक्रवार संध्याकाळ झाली की गाडीवर होडी बांधून निघत होती. हे हिंडणेसुद्धा बेगमीतच मोडते, हे मला जानेवारी उजाडल्यावर कळले.

रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या, येथे नऊ वर्षे

माझा प्रश्न प्रथमपासून झोपेचा आणि संकष्टीचा होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री साडेअकराच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा वर येतो. मधल्या पाच तासांतही खराखुरा काळोख होत नाही, आपल्याकडे दिवेलागणीला असतो तसला उजेड रेंगाळत राहतो. शिवाय युकॉनने २०२०पासून घड्याळे मागेपुढे करणे बंद केले आहे, त्यामुळे मध्यान्ह दुपारी दोनच्या सुमारास होते. घड्याळ, पोट आणि आकाश या तिघांचा मेळ येथे बसत नाही.

पहिल्या वर्षी जूनमधल्या संकष्टीचा उपवास मी सोलापूरच्या पंचांगावरून धरला आणि रात्री साडेनऊला लख्ख उन्हात चंद्राची वाट पाहत गच्चीत उभी राहिले. येथील चंद्रोदय मध्यरात्र उलटून गेल्यावर होता, आणि उन्हाळ्यातला हा चंद्र दक्षिण क्षितिजाला इतका चिकटून चालतो की समोरच्या डोंगरामुळे तो मला दिसलाच नाही. आईला फोन केला तेव्हा तिने शांतपणे सांगितले की, "अगं, ताम्हनात तांदळाचा चंद्र काढ आणि जेव." तेव्हापासून तोच शिरस्ता आहे. खिडक्यांना मात्र पडद्यांच्या आत अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवावी लागते, आणि बाहेरून घर भजी बांधून ठेवल्यासारखे दिसते, त्याला इलाज नाही.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केलेले, आता एडमंटनमध्ये

मी जून २०१२मध्ये तेथे होतो. व्हाइटहॉर्सला येणारा किराणा मुख्यतः अलास्का महामार्गाने ट्रकमधून येतो. हा रस्ता अमेरिकन सैन्याने १९४२ साली, जपानच्या धास्तीने, काही महिन्यांत ओढून नेला. त्या जूनमध्ये जोराचा पाऊस आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी एकदम आले, रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, दरडी आल्या आणि ट्रक दक्षिणेकडे अडकून पडले. दोन दिवसांत दुकानांमधले दूध, पाव आणि भाजी संपली. आमच्या हॉटेलात पर्यटक भरलेले होते आणि त्यांना काय वाढायचे, याची चिंता पडली होती.

माझ्या खोलीत मात्र तूरडाळ, तांदूळ, पोहे आणि गोडा मसाला असा चार महिन्यांचा साठा होता, कारण एडमंटन सुमारे दोन हजार किलोमीटरवर असल्याने वर्षातून दोनदाच भरभरून आणायचे, ही सवय मला आधीच्या मराठी सहकाऱ्याने लावली होती. त्या आठवड्यात हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी तीन वेळा कांदेपोहे खाल्ले आणि तिसऱ्या वेळेला ते स्वतःहून लिंबू मागू लागले. लिंबू अर्थातच गावात नव्हते.

मुलांसह राहणारी आई, चार वर्षे

डास आणि अस्वल यांविषयी थोडक्यात लिहिते. डासांसाठी मुलांना जाळीचे टोपडे घालावे लागते, ते विचित्र दिसते, पण दोन दिवसांत सवय होते. अस्वलासाठी मिरचीच्या अर्काचा फवारा कमरेला लावतात. तो विमानात नेता येत नाही, म्हणून ऑगस्टअखेर परत जाणारे पर्यटक तो येथील लोकांना देऊन जातात. आमच्या घरी असे पाच डबे जमले आहेत. कचरा आदल्या रात्री बाहेर ठेवायचा नसतो. एवढे पाळले की बाकी घाबरण्यासारखे काही नाही.

सासऱ्यांना घेऊन उत्तर समुद्रापर्यंत गेलेली सून

माझे सासरे सांगलीहून आले तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांनी आयुष्यात एकच हट्ट धरला, तो म्हणजे आर्क्टिक महासागरात पाय बुडवण्याचा. त्यासाठी डेम्पस्टर महामार्गाने जावे लागते. हा रस्ता डॉसन सिटीच्या थोडे अलीकडे फुटतो आणि इनुविक या गावापर्यंत सुमारे ७४० किलोमीटर जातो. नावात महामार्ग असले तरी तो जवळजवळ सगळा खडीचा आहे, कारण खालची जमीन बारा महिने गोठलेली असते आणि ती वितळून रस्ता खचू नये म्हणून खडीचा जाड थर गोधडीसारखा वर पसरलेला असतो. हे ऐकल्यावर पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या सासऱ्यांनी गाडी थांबवून, खाली उतरून, काठाची उंची हाताने मापली.

पहिला पेट्रोलपंप सुरुवातीपासून ३६९ किलोमीटरवर ईगल प्लेन्स येथे आहे आणि त्याआधी काहीही नाही, म्हणून दोन स्टेपन्या आणि पेट्रोलचे कॅन घेऊनच निघायचे असते. टोकदार खडीने आमचे पहिले पंक्चर टूम्बस्टोन डोंगरांचे काळे सुळके मागे पडल्यावर झाले. दुसरे झाले तेव्हा पाऊस सुरू होता आणि रस्त्याचा राडा सिमेंटसारखा दारांना चिकटून बसला होता. मागून येणारी पहिली गाडी थांबली, तिच्यातल्या बाईंनी काही न विचारता आपला जॅक काढला आणि टायर बसल्यावर नाव न सांगता निघून गेल्या. या रस्त्यावर न थांबता पुढे जाणे वाईट समजले जाते, हे नंतर कळले.

४०५व्या किलोमीटरला आर्क्टिक वर्तुळाची पाटी आहे. तेथे आम्ही शंकरपाळे खाल्ले. पुढे पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. हिवाळ्यात त्यांच्या बर्फावरूनच गाड्या जातात, आणि बर्फ धरताना व फुटताना काही आठवडे रस्ता तुटतो. इनुविकमध्ये पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीखालून नेता येत नाहीत, म्हणून ते पेट्यांमध्ये घालून घरांच्या मधून जमिनीवरून फिरवलेले आहेत. तेथे एक लहानशी मशीदही आहे, जी २०१०मध्ये विनिपेगहून ट्रकवर आणि मग नदीतल्या बार्जवर चढवून आणली गेली. सासऱ्यांना इग्लूच्या आकाराच्या चर्चपेक्षा या मशिदीच्या प्रवासाचेच जास्त कौतुक वाटले.

इनुविकपासून समुद्राकाठच्या टुकटोयाकटुकपर्यंतचा १३८ किलोमीटरचा बारमाही रस्ता नोव्हेंबर २०१७मध्ये खुला झाला. वाटेवर डावीकडे-उजवीकडे तळीच तळी, आणि गावाजवळ पिंगो नावाच्या टेकड्या, ज्यांच्या पोटात बर्फाचा गाभा असतो. त्यांतली इबयुक नावाची टेकडी सुमारे ४९ मीटर उंच आहे. समुद्र राखाडी होता, वारा बोचरा होता, आणि सासऱ्यांनी धोतर नव्हे तर ट्रॅक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय बुडवले, डोळे मिटले, आणि बाटलीत पाणी भरून घेतले. ती बाटली आता सांगलीच्या देवघरात गंगाजलाच्या तांब्याशेजारी आहे. माझ्या सासूबाईंना ते मान्य नाही, पण त्यांनी ती काढलेलीही नाही.

संयोजक

वरील ताईंना एक पुरवणी : "डॉसन सिटी" आणि "डॉसन क्रीक" ही दोन वेगळी गावे आहेत आणि त्यांच्यात दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. एका पाहुण्यांनी हॉटेलची खोली चुकीच्या गावात राखली होती, म्हणून मुद्दाम लिहिले.

शाळेत शिकवणारे, सहा वर्षे

गावाला लागूनच युकॉन नदीवर १९५८ साली बांधलेले धरण आहे, आणि त्याच्या कडेने सामन माशांना वर चढता यावे म्हणून ३६६ मीटर लांबीची लाकडी शिडी आहे. चिनुक सामन बेरिंग समुद्रातून निघून, काही न खाता, सुमारे तीन हजार किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहत येथवर येतात आणि जेथे जन्मले त्या ओढ्यांत अंडी घालून मरतात. शिडीच्या बाजूला पाण्याखालच्या काचा आहेत. आम्ही ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन जातो आणि काचेसमोर बसवतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत मुले तासभर नुसते हिरवे पाणी पाहून परत आली.

माशांची संख्या इतकी घटली आहे की एप्रिल २०२४मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी युकॉन नदीतील चिनुकची मासेमारी सात वर्षे थांबवण्याचा करार केला. माझ्या वर्गातील क्वानलिन डुन या मूळनिवासी समाजाच्या एका मुलीच्या आजी दर उन्हाळ्यात नदीकाठी छावणी टाकून मासे चिरत, धुरावर वाळवत आणि हिवाळ्यासाठी बांधून ठेवत. संयोजकांनी आगोटीचा उल्लेख केला म्हणून हे लिहावेसे वाटले, कारण त्या घरातली आगोट आता दुकानातून येते. आजी तरीही छावणी टाकतात. नातीला सुरी कशी धरायची ते दुसऱ्या माशांवर शिकवतात, कारण सात वर्षांनी ती वीस वर्षांची होईल आणि तोवर हात विसरतील.

भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी, दोन उन्हाळे

क्लुआनी सरोवराकडे जाताना पूर्वी स्लिम्स नदीच्या रुंद मुखावरून पूल ओलांडावा लागे. पूल आजही आहे, नदी मात्र जवळजवळ नाही. कास्कावुल्श हिमनदी मागे हटल्यामुळे तिच्या वितळलेल्या पाण्याला दुसऱ्या बाजूने उतार मिळाला आणि २०१६च्या मे महिन्याच्या अखेरीस अवघ्या काही दिवसांत ते पाणी बेरिंग समुद्राकडे जायचे सोडून आल्सेक नदीतून पॅसिफिककडे वळले. कोरड्या पात्रातली पीठासारखी माती वाऱ्याने उडते. मी दुपारी तंबूत शिरले तेव्हा डब्यातल्या चपातीवर तिचा थर होता. मागे ५,९५९ मीटर उंचीचा माउंट लोगन उभा असतो, पण रस्त्यावरून तो दिसत नाही, हे चित्रांची पोस्टकार्डे विकणारे सांगत नाहीत.

नुकतेच आलेले, पहिलाच उन्हाळा

सर्वांचे अनुभव सुंदर आहेत, पण माझी तक्रारही नोंदवून ठेवावी. मे महिन्यात नोकरीवर रुजू व्हायला आलो तेव्हा मालकांनी कबूल केलेली खोली पर्यटकांना जास्त भाड्याने दिली गेली होती. मी एकोणीस दिवस नदीकाठच्या शिबिरस्थळी तंबूत राहून कामावर गेलो. उजेडामुळे रात्री एकट्यालाही भीती वाटली नाही, एवढेच बरे. येणाऱ्यांनी खोलीची चावी हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नये.

मागच्या अंगणात भाजी लावणारे दांपत्य, अकरा वर्षे

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दहिवर गोठण्याची धास्ती असते आणि ऑगस्टच्या शेवटी ती परत येते, म्हणजे हाताशी पुरते तीन महिनेही नाहीत. उजेड इतका असतो की कोबी-गाजरे भराभर भरतात, परंतु त्याच उजेडामुळे कोथिंबीर आणि पालक पाने धरण्याआधीच फुलावर येतात. आम्ही दुपारनंतर कुंड्यांवर खोके पालथे घालून त्यांना खोटी रात्र देतो. मेथी मात्र तक्रार करत नाही.

उन्हाळा संपत आल्याचे रस्त्याकडेचे फायरवीड सांगते. हे जांभळट गुलाबी फूल युकॉनचे राज्यपुष्प आहे. त्याचा तुरा खालून वर फुलत जातो आणि शेंड्याचे फूल उमलले की लोक लाकडे मोजायला लागतात. गेल्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर आले तेव्हा फुलांची जागा पांढऱ्या म्हाताऱ्यांनी घेतली होती. जास्वंद येथे कोठून मिळणार. म्हणून पत्नीने जुलैमध्येच फायरवीडची फुले वहीत दाबून ठेवली होती आणि तीच वाहिली. मूर्ती शाडूची, हाताने केलेली, आणि विसर्जन बादलीत झाले. आरतीला अकरा जण होते, मोदकांना गोठवलेला नारळ होता, आणि पाहुणे निघाले तेव्हा रात्री साडेदहाला अंगणात, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच, पायरी दिसावी म्हणून दिवा लावावा लागला.

बादलीतले पाणी बटाट्याच्या वाफ्याला घातले. आता ओंडके रचून झाले आहेत, फ्रीझरमध्ये फळांचे चौदा डबे आहेत, आणि हिवाळी टायर बसवून घ्यायला आमचा क्रमांक ४ ऑक्टोबरचा लागला आहे.